दुसरी झडप

कढई रिकामी करायचं ठरायला या घराने जेवढा वेळ लावला, तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने दोन पिढ्यांची लग्नं उरकली असती. थोरला म्हणायचा, बंद करून टाकू. छोटू म्हणायचा, नवी आणू. थोरल्याची बायको, वहिनी, म्हणायची, काय हवं ते करा, पण ताटावर बसून भांडू नका. आणि या भावांचे वडील, दादा, काही म्हणायच्या पलीकडे गेले होते. ज्या माणसाने ही कढई बसवली, तिच्याखालचा जाळ स्वतःच्या हाताने पेटवला, तो आता चहा झाला की नाही हे पुन्हा पुन्हा विचारायचा. असं ते भिजत घोंगडं पडून होतं. त्याचा निकाल शेवटी कढईनेच लावला.

कढई म्हणायची, पण ती होती होडीएवढी लांब लोखंडी टाकी, वितळलेल्या जस्ताने भरलेली. तिच्यात लोखंड बुडवून काढलं की त्यावर जस्ताची कातडी चढते आणि वर्षानुवर्षं गंज त्याच्या वाटेला जात नाही. गंजायची पाळी आलीच तर आधी जस्त गंजतं, मग लोखंड. पण हेच जस्त ज्या टाकीत वितळत ठेवायचं, त्या टाकीचा पत्रा ते आतून कणाकणाने खात असतं. जगाच्या लोखंडाची राखण करायची आणि आपलंच घर पोखरायचं, असा त्याचा कारभार. पत्र्याची जाडी मोजायला आलेला तपासनीस बर्नरसमोरच्या भागाला यंत्र लावून बराच वेळ उभा राहिला. मग छोटूकडे वळून म्हणाला, "रात्री झोप लागते का हो तुम्हाला?"

म्हणून आजचा दिवस ठरला. सकाळी शेवटचा एक नग बुडवायचा, दुपारी पंप लावून जस्त बाहेर काढायचं आणि मग जाळ विझवायचा. वितळलेलं जस्त टाकीतच गोठलं तर पुन्हा वितळवताना टाकी फाटायची भीती, म्हणून हा जाळ आजवर कधी विझवलेला नव्हता. आई गेली त्या दिवशीही तो चालू होता. दाजी गेले त्या दिवशीसुद्धा.

दाजींची बायको, म्हणजे या घरची सगळ्यांत मोठी मुलगी, सकाळी फाटकापाशी येऊन थबकली. तिला सगळे ताई म्हणत. लग्नकार्याला, आजारपणाला ती यायची, पण मागच्या बोळाने थेट स्वयंपाकघरात. कारखान्याच्या शेडकडे ती कधी बघत नसे. या फाटकाकडे तर मुळीच नाही.

फाटक दोन झडपांचं करायचं ठरलं होतं. दाजींनीच पाइप कापून, जोडून केलं होतं. पहिली झडप नीट बुडवून निघाली, लागलीही. तिला वर-खाली भोकं बघून आईने नाक मुरडलं होतं, "जगाची फाटकं करता आणि आपल्याच फाटकाला भोकं?" सगळे हसले होते. मग दुसरी झडप कढईत गेली आणि फुटली. बंद पाइपात अडकलेल्या थेंबभर पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, आणि उसळलेलं जस्त दाजींच्या अंगावर आलं. थोरला त्यांना ओढायला धावला, त्याचे हात कोपरापर्यंत भाजले. दाजी दवाखान्यात पोचेपर्यंतही राहिले नाहीत. दुसऱ्या झडपेला भोकं पाडायची ते विसरले, असं दादांनी लोकांना सांगितलं. फाटकाची ती बाजू नंतर विटांनी बुजवून टाकली.

आज विटा नव्हत्या. त्या जागी नुसतं भगदाड होतं, आणि कडेला चुन्या-मातीचा ढीग.

"छोटू, भिंत कुठे गेली?"

छोटू चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ होता, पण या घरात एकदा पडलेलं नाव मरेपर्यंत बदलत नाही. तो हात झटकत पुढे आला. "ताई, तू आधी चहा घे."

"मी भिंतीचं विचारतेय."

"पाडली. काल. चिमणीने सांगितलं म्हणून." आणि मग एका दमात बोलून टाकलं, "तिने दुसरी झडप केलीय. स्वतः. आजचा शेवटचा नग तोच आहे. तुला आधी सांगणार नव्हतो, ती म्हणाली आईला बघू दे. मला यात ओढू नका, मी फक्त विटा पाडणारा!"

उघड्या बाजूने आत यायला वाट होती, पण ताई जुन्या झडपेची कडी काढूनच आत आली.

*

स्वयंपाकघरात वहिनी कणीक मळत होती आणि ताईची मुलगी ओट्याला टेकून उभी होती. लहानपणी सतत चिवचिवायची म्हणून चिमणी. आता फारसं बोलत नसे. कॉलेज संपल्यावर ती मामांच्या कारखान्यात आली ती राहिलीच. आईने आधी रडून बघितलं, मग अबोला धरून बघितला. अबोल्याचा या पोरीवर काही परिणाम होत नाही, उलट तिला बरंच वाटतं, हे ताईच्या उशिरा लक्षात आलं.

"छोटूमामांनी सांगितलं वाटतं," चिमणी म्हणाली.

"सांगितलं. झडप पुरी झाली ना? मग बास. आज जाळ विझला की माझ्याबरोबर घरी चल."

"नवी कढई आली की पुन्हा पेटेल. छोटूमामा म्हणतात तू बघ कारखाना. मी बघणार आहे."

"आणि थोरला मामा काय म्हणतो?"

"ते म्हणतात बंद करा. तुझ्याच बाजूला आहेत ते. नेहमीसारखे."

वहिनीने कणकेतून हात काढला नाही, पण बोलायची संधीही सोडली नाही. "तुमच्या भावाचं मला कळत नाही हो ताई. माणूस जन्मभर त्या कढईशी उभा राहिला, आणि पोरीने हौसेने करते म्हटलं की याचं तोंड एवढंसं होतं. मी म्हटलं, करू दे की. मुलीच्या हाताला वळण आहे."

"वहिनी, तिच्या बापाच्या हातालाही वळण होतं."

वहिनीने कणकेवर झाकण ठेवलं.

"बाबा विसरले," चिमणी हळू म्हणाली, "म्हणूनच मला करायचंय. कामगार माझ्यासमोर बोलत नाहीत, पण मी पाठ फिरवली की म्हणतात, विसरणाऱ्याची पोरगी. मी एकेका पाइपाला तीन-तीनदा तार घालून बघते. हसतात मला. हसू देत. ती झडप त्या जागेवर लागली की मग काय ते बोला म्हणावं."

ताईने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. हनुवटी अगदी त्यांची. तिच्या मनात नेहमीचाच तो विचार आला, जो तिने कधीच कुणाला सांगितला नव्हता. त्या सकाळी तिनेच घाई केली होती. पोरीच्या अंगात ताप होता, दाजी दारात चपला घालत होते आणि ती ओरडली होती, "ते फाटक पळून जात नाहीये, पण जायचंच असेल तर पटकन उरकून या!" म्हणून त्यांनी पटकन उरकलं. विसरले ते, पण विसरायला लावलं तिने. चिमणी बापाची चूक धुऊन काढायला निघाली होती, आणि तिची आई इतकी वर्षं आपली चूक पोटात घेऊन बसली होती. दोघी एकाच घरात राहून एकमेकींना यातलं अक्षर बोलल्या नव्हत्या.

"चल," ताई म्हणाली. "दाखव तुझी झडप."

वहिनी कणकेच्या हातांनीच मागोमाग निघाली. ताई शेडमध्ये जाते म्हणतेय हे तिने या जन्मात ऐकलं नव्हतं.

*

दादांना खुर्चीसकट शेडमध्ये आणायची कल्पना छोटूची. "त्यांनी पेटवलाय, विझताना त्यांना बसवायला नको?" थोरल्याला ती पटली नव्हती. पण आज त्याला काहीच पटत नव्हतं.

शेडमध्ये ॲसिडचा तो घशाला लागणारा वास होता आणि बर्नरची घरघर. ही घरघर थोरल्याच्या कानात इतकी मुरली होती की ती ऐकू येते हेच तो विसरला होता. कढईवरची राखाडी साय झाऱ्याने बाजूला केली की खालचं जस्त आरशासारखं लखलखायचं. क्रेनच्या आकड्याला झडप टांगलेली होती. ॲसिडमधून धुऊन, क्षारात बुडवून वाळवलेली. पोरीने जोड सुरेख घातले होते. थोरल्याने सांध्यांवरून बोट फिरवलं होतं आणि त्याला एकदम दाजींची आठवण आली होती. दाजीही असेच एका दमात सांधा ओढायचे, मध्ये थांबायचे नाहीत.

जमिनीवर एक पिवळी रेघ होती. रेघेच्या अलीकडे ताई, वहिनी आणि दादांची खुर्ची. छोटू रेघेवर, नेहमीसारखा धड इकडे ना तिकडे. कामगारांना थोरल्याने बाहेर चहा प्यायला पाठवलं होतं. घरचंच काम होतं.

घरचं काम! या माणसांचं सगळं नुकसान याच दोन शब्दांनी केलं होतं. गिऱ्हाइकाचा नग असला की दादा कामगारांवर ओरडून ओरडून भोकं तपासायला लावायचे. घरच्या कामाला मात्र कोण तपासणार? बघितलं असेल कुणीतरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगीच नाही.

क्रेनच्या बटणांचा डबा थोरल्याच्या हातात होता. चिमणी कढईच्या काठाच्या फळीवर तार घेऊन उभी राहिली. दाजी गेल्यानंतर थोरल्याने एक पद्धत लावली होती. पोकळ माल कढईवर आला की क्रेनवाल्याने मोठ्याने विचारायचं, "वर?" समोरच्याने वरच्या भोकात तार घालून बघायचं आणि सांगायचं, "उघडं." मग "खाली?" आणि पुन्हा "उघडं." दोन्ही उत्तरं आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक या ओरडाआरडीची नक्कल करायचे. ही पद्धत त्याने का लावली, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"वर?" थोरल्याने विचारलं.

चिमणीने तार घातली, फिरवली, काढली, पुन्हा घातली. "उघडं."

"खाली?"

ती वाकली. आणि ती बोलायच्या आत मागून आवाज आला. हल्लीचा तो किनरा, रडवेला आवाज नव्हे; बर्नरच्या वरताण जाणारा, जुना, कारखान्यातला आवाज.

"खालचं मी बुजवलं रे. पाणी शिरतं त्यातून. काल संध्याकाळीच वेल्डिंग मारून घासून टाकलं, दिसतसुद्धा नाही. वरचं आहे ना उघडं?"

बापाने विचारलं की उत्तर द्यायचं, ही थोरल्याची लहानपणापासूनची सवय. विचार करायला मध्ये जागाच नव्हती.

"नाही दादा, वरचं तर मी सकाळी..."

आणि तो थांबला.

छोटूला वाटलं आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि असं वाटलं की तो बोलतोच. "दादांचं काय मनावर घेता! काल मला पोस्टमन समजून पत्रं मागत होते."

"दादांचं नाही घेत मी," ताई म्हणाली. "भाऊ, तू काय म्हणालास?"

थोरला तिच्याकडे बघत नव्हता. तो दादांकडे बघत होता, वेड लागल्यासारखा. "खालचं तुम्ही बुजवलंत?" तो म्हणाला. "तुम्ही? मला वाटलं मळीने तुंबलं असेल. दादा, मला इतकी वर्षं वाटतंय की मी एकट्यानेच..."

"कुठली भोकं, मामा?" चिमणी फळीवरून म्हणाली. "बाबा तर भोकं पाडायला विसरले होते ना?"

"नाही," थोरला म्हणाला.

एवढंच. मग त्याला बोलावंच लागलं, आणि तो बोलला ते असं, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. दाजींनी आदल्या दिवशी दोन्ही भोकं पाडली होती. त्याने स्वतः बघितली होती. आईने सकाळी त्याला हाक मारून सांगितलं, पहिल्या झडपेच्या भोकाशी गांधीलमाश्या घिरट्या घालतायत, दुसरीचं तरी वरचं बुजव, बाळ इकडे आलं की अंगणात रांगतं. बाळ म्हणजे चिमणी. त्याने बुजवलं, घासलं, झडप ॲसिडमध्ये सोडली. खालचं आहेच उघडं, एकातूनही वाफ जाते. कढई थुंकली असती, खळखळली असती, पण झडप फुटली नसती. दाजींना सांगायचं होतं. पण ते घाईत आले आणि हा तेव्हा बाहेर ट्रकवर माल चढवत होता. दाजींनी बघितलं नाही, कारण भोकं त्यांनीच पाडली होती. स्वतःच्या हाताने पाडलेलं भोक कोण बघतं?

"आवाज आला तेव्हा मला कळलं," थोरला म्हणाला. "धावायच्या आधीच कळलं."

दादा खुर्चीत पुढे झुकून सगळ्यांची तोंडं बघत होते. "जावई कुठेत?" त्यांनी विचारलं. "चहा झाला का त्यांचा?"

*

ताईच्या डोक्यात सगळ्यांत आधी काय आलं असेल तर चपला. दारातल्या चपला आणि तिचं ते ओरडणं. ते विसरले नव्हते. तिने घाई केली ती केलीच, पण तिच्या घाईने काही विसरलं नव्हतं. ज्या दगडाखाली ती इतकी वर्षं वाकली होती तो तिचा नव्हताच. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दगड उचलला गेला आणि खाली बघते तर तिथे तिचा बाप आणि तिचा भाऊ उभे.

"ते विसरले असं लोकांना का सांगितलंत?"

"दादांनी सांगितलं. मी नाही."

"आणि तू?"

"मी गप्प बसलो."

"मला सांगितलंस तू, भाऊ. दवाखान्याच्या पायरीवर. तुझ्या हातांना पट्ट्या होत्या. मी विचारलं, भोकं नव्हती का? आणि तू मान हलवलीस."

थोरल्याने आत्ताही तशीच मान हलवली, आणि ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. खरं तर दोघांनीही आपापली मूठ झाकून ठेवली होती. बापाला वाटत होतं पाप आपलं, लेकाला वाटत होतं आपलं, आणि दोघांनीही खापर मेलेल्या माणसाच्या माथी फोडलं. तो काही परत येऊन बोलणार नव्हता. एकमेकांना खरं सांगितलं असतं तर निदान रडायला तरी दोघं झाले असते.

"मी समजत होते मी घाई केली म्हणून झालं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मीच त्यांना पटकन जा म्हटलं होतं. हे घेऊन मी झोपतेय आणि उठतेय. आणि तू महिन्याच्या महिन्याला माझ्या दारात यायचास. धान्य भरून द्यायचास, नळ दुरुस्त करायचास, पोरीला सायकल शिकवलीस. मी शेजारणींना सांगायचे, भाऊ असावा तर असा."

"ते खोटं नव्हतं, ताई."

"मला आता कसं कळणार ते?"

वहिनी तोंडावर पदर धरून उभी होती. तिला ताईसाठी रडू येत होतं की स्वतःसाठी, तिचं तिलाच उमगत नव्हतं. हा माणूस झोपेत दचकून "वरचं, वरचं" म्हणायचा, आणि तिला वाटायचं छपराचा पत्रा गळतोय तेच याच्या डोक्यात असेल. दोनदा तिने गवंडीसुद्धा बोलावला होता.

छोटू पुढे आला. "आज राहू दे आता. झडप खाली घेऊ. दादांना आत नेऊ. नंतर सगळे शांतपणे..."

"राहू देऊन चालणार नाही," चिमणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"धुऊन वाळवलेलं लोखंड आहे. आत्ता बुडवलं नाही तर संध्याकाळी लाल झालेलं असेल." ती फळीवरून उतरली आणि थोरल्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, डबा सोडा."

त्याने सोडला. ती बटणांपाशी उभी राहिली, तार तिने कढईच्या काठावर ठेवली होती. तिने घसा खाकरला आणि मोठ्याने विचारलं, "वर?"

थोरल्याचा हात आपसूक तारेकडे गेला.

"तुम्ही नको."

हात मागे आला. छोटूने एक पाऊल टाकलं, कढईच्या झळीने चेहरा फिरवला आणि पाऊल परत घेतलं. त्याला कधी जमलंच नव्हतं. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, काठावर यायचा नाही. चिमणी वाट बघत राहिली. विचारणारं कुणी असेल आणि उत्तर देणारं नसेल तर नग बुडवायचा नाही, ही तर पद्धतच होती.

ताईने पिवळी रेघ ओलांडली. फळीवर चढताना तिचा पाय अडखळला, कुणीतरी "ताई, सांभाळून" म्हणालं, तिने वळून पाहिलं नाही. झळ एवढी असते हे तिला माहीत नव्हतं. हे रोज यात उभे राहायचे आणि घरी येऊन पोरीला मांडीवर घ्यायचे. तिने तार उचलली, वरच्या भोकात घातली आणि चिमणीने फिरवली होती तशी फिरवून बघितली.

"उघडं."

"खाली?"

ती वाकली, तार घातली, काढली. मग तारेवरही विश्वास न ठेवता ती आणखी खाली वाकली आणि भोकाला डोळा लावला. पाइपाच्या आत, पार दुसऱ्या टोकाला, उजेडाचा टिकलीएवढा ठिपका दिसत होता.

"उघडं," ताई म्हणाली, आणि खाली उतरली.

झडप जस्तात शिरली तेव्हा चरचर झाली, पांढरा धूर उठला, कढई थोडी खवळली आणि शांत झाली. चिमणीने राख झाऱ्याने बाजूला केली आणि झडप सावकाश, अगदी सावकाश वर घेतली. थेंब निथळले. चंदेरी, एकसारखी, कुठे डाग नाही. इतर वेळी असा नग निघाला की दादा स्वतः टाळी वाजवायचे. आज ते चहाची वाट बघत बसले होते.

*

दुपारी पंप लागला. जस्त साच्यांमध्ये ओतलं गेलं, लाद्या गोठत गेल्या. शेवटी कढईच्या तळाला मळीचा काळपट थर राहिला आणि बर्नरसमोरचा पत्रा उघडा पडला. छोटूने त्यावर बोटाने टकटक केलं आणि पटकन हात मागे घेतला. मग थोरल्याने जाळ बंद केला.

शेडमध्ये एवढी शांतता कुणीच कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा ऐकू आली.

फाटकापाशी चिमणीने हातगाडी लावली. नवी झडप तिने गोणपाटावर आडवी ठेवली. मग ती जुन्या झडपेकडे वळली, बिजागरीतून ती वर उचलायला लागली. छोटू धावत आला.

"अगं, ती कशाला काढतेस? दोन्ही इथेच लावायच्या ना?"

"ही बाबांनी केलीय." तिने झडप गुडघ्यावर तोलली आणि वरच्या भोकात बोट घातलं. भोकाच्या आतल्या कडेलाही जस्त होतं, गुळगुळीत. म्हणजे भोक आधी पाडलं आणि मग बुडवलं. इतकी वर्षं ती याच फाटकातून ये-जा करत होती, पण कधी बोट घालून बघितलं नव्हतं. "धरा दुसरं टोक. जड आहे."

छोटूने धरलं. चांगला माणूस होता बिचारा, पण नेहमीच दुसरं टोक धरणारा. "आणि नवी कढई? मी शब्द देऊन बसलोय, चिमणे."

"तुमची तुम्ही आणा."

"कुठे लावणार ही फाटकं? ताई, तुझ्या घराला तर फाटकच नाही."

"नाही," ताई म्हणाली. "तरी नेतेय."

वहिनी जेवणाचा डबा घेऊन बाहेर आली. ताईने डबा घेतला, तिचा हात क्षणभर धरला आणि सोडला. हातगाडीच्या चाकांचा खडखडाट गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. फाटकाच्या दोन्ही बाजू आता सताड मोकळ्या होत्या. एक कुत्रं आत आलं, इकडेतिकडे हुंगून निघून गेलं.

थोरला दादांच्या खुर्चीशेजारी उलट्या बादलीवर बसला होता. त्याने सगळं पाहिलं होतं, उठला नव्हता. दादांना आत न्यायला हवं होतं, गारवा पडायला लागला होता. जाळ असताना शेडमध्ये कधी गारवा पडत नसे.

"आवाज बंद का रे?" दादांनी विचारलं.

"आज जाळ विझवला, दादा."

"असं." म्हातारा काही वेळ रिकाम्या कढईकडे बघत राहिला. मग त्याने थोरल्याच्या मनगटावर, त्या जुन्या भाजलेल्या कातडीवर हात ठेवला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "खालचं मी बुजवलंय हं. वरचं आहे ना उघडं?"

"नाही, दादा. ते मी बुजवलं."

"अरेरे." दादांचा चेहरा भीतीने पार उतरला. "मग बसलायस काय? पळत जा आणि जावयांना सांग. म्हणावं, आज बुडवू नका."

थोरला उठला. "जातो," म्हणाला.